स्कोप लोगोवरच अडकलाय? फर्मवेअर परत टाकायच्या आधी आणि टाकताना काय काय बघायचं

पावसाळ्यात किनारपट्टीवरच्या रिपेअरिंगवाल्याची दोन्हीकडून कोंडी होते. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होड्या वर ओढलेल्या असतात, त्यामुळे फिशफाइंडर, जीपीएस, व्हीएचएफ रेडिओचे सेट सगळं एकदमच टेबलावर येऊन पडतं, आणि नेमकी तेव्हाच लाईट दिवसातून सतरा वेळा जाते आणि हवेत इतका ओलावा असतो की बुरशी चामड्याच्या पाकिटावर पण चढते. अशात ऑसिलोस्कोप चालू केला तर कंपनीचा लोगो आला, बटणांचे दिवे सगळे पेटले, पंखा फिरतोय आणि पुढे काय नाय. समोर गिऱ्हाईक उभं, "भाऊ, फिशफाइंडर कधी होतलो?"

बहुतेक जण इथे लगेच नेटवर फर्मवेअरची (म्हणजे स्कोपच्या आत बसवलेल्या सॉफ्टवेअरची) फाईल शोधायला बसतात. माझं मत सरळ आहे, फर्मवेअर हा शेवटचा संशयित, आणि तोच दोषी निघाला तरी आत जे काही उरलंय त्याची कॉपी काढल्याशिवाय एक बाईट पण पुसायचा नाही. कारण फर्मवेअर कंपनीकडून परत मिळतं, पण तुमच्या स्कोपचं कारखान्यात केलेलं कॅलिब्रेशन, सिरीयल नंबर, विकत घेतलेल्या ऑप्शनचं लायसन्स हे त्या एका पीसचंच असतं, ते कुठल्याच अपडेट फाईलमधे नसतं. ते गेलं की स्कोप चालू होईल पण व्होल्ट खोटे दाखवेल, आणि खोटं दाखवणारा स्कोप बंद स्कोपपेक्षा वाईट.

खाली जे लिहितोय ते आतमधे लिनक्स चालणाऱ्या डिजिटल स्कोपबद्दल आहे. उदाहरणार्थ सिग्लंटच्या एसडीएस १२०२एक्स-ई मधे झायलिंक्सची झिंक ७०२० चिप आहे, म्हणजे दोन एआरएम प्रोसेसर कोर आणि एफपीजीए (हवी तशी जोडता येणारी लॉजिकची जाळी) एकाच चिपमधे. इतर कंपन्यांचे आतले पार्ट वेगळे पण चालू व्हायचा क्रम साधारण असाच: चिपमधे कायमचा कोरलेला बूटरॉम, मग पहिला छोटा लोडर, मग यू-बूट (लिनक्सला उठवणारा मोठा लोडर), मग लिनक्स कर्नल, मग रूट फाईलसिस्टीम, आणि सगळ्यात शेवटी स्कोपचं मेन ॲप्लिकेशन जे स्क्रीनवर ग्रॅटिक्युल, म्हणजे मोजमापाच्या चौकटी काढतं. लोगो बऱ्याचदा यू-बूटच दाखवतो. म्हणजे लोगो दिसला याचा अर्थ प्रोसेसर, रॅम आणि फ्लॅशची (हे सगळं सॉफ्टवेअर साठवणाऱ्या चिपची) सुरवात जिवंत आहे, निम्मी लढाई तिथेच जिंकलेली असते.

आधी पॉवर

कव्हर उघडायच्या आधी एक साधी गोष्ट बघा, स्कोप दर वेळी अगदी त्याच जागी अडकतो का? पाच-सहा वेळा बंद-चालू करून बघा. दर वेळी हुबेहूब तिथेच थांबत असेल तर स्टोरेज किंवा सॉफ्टवेअरचा संशय. कधी लोगोला, कधी लोगोच्या आधी, कधी दोन-तीनदा आपोआप रिस्टार्ट, आणि अर्धा तास प्लग लावून ठेवल्यावर बरा चालू होतो, असं असेल तर पॉवर सप्लायचे कॅपॅसिटर गेलेत, फर्मवेअरच्या नादाला लागूच नका.

आता कव्हर. प्लग काढून पाच-दहा मिनिटं थांबा. आपल्या २३० व्होल्टचं रेक्टिफाय होऊन प्रायमरीच्या मोठ्या कॅपॅसिटरवर साधारण ३२५ व्होल्ट डीसी साठतं. मीटरने मोजा, उरलं असेल तर १० किलोओम ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड पकडीने लावून उतरवा, स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडायची हौस नको. मग प्लग परत लावून सप्लायपासून मेनबोर्डला जाणाऱ्या कनेक्टरवर व्होल्टेज बघायचं, ५ असेल तर ५, ॲनालॉगचे प्लस-मायनस रेल (सप्लायच्या लाईनी) दोन्ही सारखे, आणि मेनबोर्डवर ३.३, डीडीआर३ रॅमला १.५, डीडीआर२ असेल तर १.८, झिंकच्या कोरला १.०. चालू होताना ३.३चा रेल क्षणभर तीनच्या खाली डुबकला तरी रिसेट आयसी प्रोसेसरला परत शून्यावर आणते. रिपल (डीसीवर उरलेली थरथर) बघायला दुसरा स्कोप नसतोच आपल्याकडे (असता तर कशाला एवढी घाई!) तर मीटरच्या एसी मिलिव्होल्ट रेंजवर अंदाज घ्या. स्विचिंगची फ्रिक्वेन्सी साधा मीटर नीट पकडत नाही, तरी शंभर-दोनशे मिलिव्होल्ट दिसले तर समजायचं की काहीतरी बोंब आहे. फुगलेला कॅपॅसिटर दिसला की १०५ डिग्रीवाला, लो ईएसआर (आतला रेझिस्टन्स कमी असलेला), त्याच व्होल्टेजचा किंवा एक पायरी वरचा टाका.

अर्थिंग पण बघून घ्या. जुन्या घरात, गावातल्या दुकानात तीन पिनचा सॉकेट असतो पण अर्थची वायर मागे कुठेच गेलेली नसते. फेज-अर्थ मधे २३०च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थ मधे एक-दोन व्होल्ट आले पाहिजेत. पुढे आपण लॅपटॉप स्कोपला जोडणार आहोत, आणि अर्थ तरंगत असेल तर स्कोपची बॉडी आणि लॅपटॉपचा ग्राउंड यांच्यात फरक पडून यूएसबी पोर्ट उडतो. लॅपटॉप बॅटरीवरच ठेवा.

खारी हवा आणि अडकलेलं बटण

हा भाग पुण्यामुंबईच्या लेखांमधे नसतो म्हणून जरा सविस्तर. स्कोपच्या पुढच्या पॅनलची बटणं म्हणजे रबराच्या खाली काळे कार्बनचे ठिपके, आणि खाली पीसीबीवर एकमेकांत गुंतलेल्या बोटांसारखे ट्रॅक. किनाऱ्यावर मीठ आणि दमट हवा मिळून त्या ट्रॅकवर एक न दिसणारा चिकटा बसतो. कोरड्या दिवसात काही त्रास नाही, पाऊस लागला की तोच चिकटा पाणी ओढतो आणि करंट जायला लागतो. मग स्कोपला वाटतं कोणीतरी बटण दाबून धरलंय. आणि बऱ्याच स्कोपमधे चालू होताना ठराविक बटण दाबलेलं असलं की तो रिकव्हरी किंवा अपडेट मोडमधे जातो आणि पेन ड्राईव्हची वाट बघत बसतो. बघणाऱ्याला वाटतं हँग झाला.

टेस्ट सोपी. पॅनलकडून मेनबोर्डला येणारी रिबन केबल (लॉक उचलून, खेचून नाही) काढा आणि पॉवर बटण वेगळं असेल तर स्कोप तसाच चालू करा. लोगोच्या पुढे गेला? मग रोग पॅनलमधेच. नॉब काढा, रबर काढा, ट्रॅकवर ९९ टक्केवाला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश, मग टेबललॅम्पच्या साध्या बल्बखाली तासभर वाळू द्या. मीटर लावून बटण न दाबता त्या दोन ट्रॅकमधे रेझिस्टन्स मोजला तर तो मेगओममधे किंवा ओपन यायला हवा. किलोओममधे आला तर अजून घाण आहे, परत धुवा. कार्बनचे ठिपके मात्र अल्कोहोलने घासू नका, कोरड्या कपड्याने हलकेच पुसा, ते झिजले की परत येत नाहीत. पॅनल उघडलंयच तर रिबनच्या टोकावर आणि पॉवर कनेक्टरच्या पिनांवर हिरवं काही दिसतंय का ते पण बघा.

पेन ड्राईव्हवाला मार्ग

पॉवर ठीक, बटणं ठीक, तरी अडकतो. मग कंपनीने दिलेला रिकव्हरीचा रस्ता आधी. सर्व्हिस मॅन्युअलमधे त्या मॉडेलचं बटण दिलेलं असतं, चालू करताना ते दाबून धरायचं किंवा टकटक दाबत राहायचं. फाईल कंपनीच्या साईटवरूनच घ्या, रिगोलची .जीईएल असते, सिग्लंटची .एडीएस. मॉडेल नंबरबरोबर हार्डवेअर व्हर्जन पण जुळवा, एकाच नावाच्या स्कोपचे दोन-तीन बोर्ड बाजारात असतात. रिलीज नोट्स वाचा, काही वेळा मधलं एखादं व्हर्जन आधी टाकायला लागतं.

इथे निम्मे लोक फाईलमुळे नाही, पेन ड्राईव्हमुळे फसतात. जुना यूएसबी २.०चा, ८ जीबी किंवा त्याहून छोटा घ्या, एफएटी३२ फॉरमॅट, एकच पार्टिशन, एमबीआर पद्धतीचं. फाईल कुठल्या फोल्डरमधे नाही, सरळ वरच. आणि दोनदा डाऊनलोड झाली की नावाच्या शेवटी कंसात १ लागतो, तो काढा, लोडर नाव अक्षरशः जुळवून बघतो.

आणि हे सगळं इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर. अपडेट चालू असताना लाईट गेली तर आत्तापर्यंत जो स्कोप अर्धा जिवंत होता तो पूर्ण झोपेल. इन्व्हर्टरची बॅटरी जुनी असेल तर आधी एक शंभर वॅटचा बल्ब लावून, मेन काढून, पंधरा मिनिटं टिकते का ते बघा.

यूएआरटी, म्हणजे स्कोप काय बडबडतोय ते ऐकायचं

वरचं जमलं नाही तर बोर्डवर यूएआरटीची, म्हणजे सिरीयल पोर्टची, तीन किंवा चार भोकांची ओळ शोधा, बऱ्याचदा पिना न बसवलेली, प्रोसेसरच्या जवळपास. ग्राउंड सापडतो बीएनसीच्या (प्रोब लावायच्या गोल कनेक्टरच्या) शेलशी कंटिन्युइटी करून. ट्रान्समिट पिन शांत असताना ३.३ व्होल्टला टेकलेली असते आणि चालू केल्यावर काही सेकंद मीटरचा आकडा खाली-वर थरथरतो, कारण डेटा जातोय. एक पिन कायम ३.३ आणि जराही न हलणारी, ती बहुधा सप्लाय, तिला काही जोडायचं नाही.

सीपी२१०२ किंवा सीएच३४० वाला यूएसबी-टीटीएल कन्व्हर्टर दोनेकशे रुपयांत मिळतो, त्यावरचा जंपर ३.३ वर आहे याची खात्री करा, ५ व्होल्टने प्रोसेसरची पिन मरते. ग्राउंड ग्राउंडला, स्कोपचा ट्रान्समिट कन्व्हर्टरच्या रिसीव्हला आणि उलट. कॉम्प्युटरवर पुटी हा टर्मिनल प्रोग्राम उघडा, स्पीड ११५२००, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप, आणि पहिल्या सेकंदापासून सगळं फाईलमधे सेव्ह होईल असं लॉगिंग लावा. चौकोन-चांदण्या असा कचरा आला तर स्पीड चुकलाय, ५७६०० किंवा ३८४०० बघा.

आता लॉग काय म्हणतो ते महत्त्वाचं. काहीच येत नाही, एक अक्षर नाही, तर लोडरच वाचला जात नाहीये किंवा क्लॉक-पॉवर नाही. यू-बूट आला आणि म्हणाला 'बॅड सीआरसी, युझिंग डिफॉल्ट एन्व्हायर्नमेंट' तर घाबरू नका, चांगल्या स्कोपमधे पण ही ओळ नेहमी दिसू शकते. (सीआरसी म्हणजे डेटा बरोबर आहे का ते तपासायचा आकडा.) 'व्हेरिफाईंग चेकसम' पुढे 'बॅड डेटा सीआरसी' म्हणजे कर्नलची इमेज खराब. 'कर्नल पॅनिक' आणि त्यात 'अनेबल टू माउंट रूट एफएस' म्हणजे फाईलसिस्टीम गेली. 'अनकरेक्टेबल ईसीसी एरर' म्हणजे नँड फ्लॅशचे बिट इतके पलटलेत की दुरुस्तीच्या कोडला पण झेपत नाहीये. आणि लिनक्स पूर्ण चालू होऊन लॉगिन मागतोय पण ॲप्लिकेशन परत परत पडतंय, तर बऱ्याचदा सेटिंगची एखादी फाईल लिहिता लिहिता लाईट गेलेली असते, तेवढी फाईल बाजूला केली की काम झालं. लॉग सगळा व्यवस्थित आणि स्क्रीन काळीच? मग बॅकलाईट बघा.

आधी कॉपी

यू-बूट सुरू होताना 'हिट एनी की' म्हणून एक-दोन सेकंद देतो तेव्हा स्पेस दाबत राहा, प्रॉम्प्ट येईल. (कमांड अर्थातच इंग्रजीत टाईप करायच्या, मी इथे उच्चार लिहितोय.) पहिली कमांड प्रिंटएन्व्ह, जे येईल ते सगळं लॉगमधे जाऊ द्या, त्यात पार्टिशनची नावं, पत्ते, कर्नलला दिलेले बूटआर्ग्ज (चालू होतानाच्या सूचना) सगळं असतं. मग नँड इन्फो आणि नँड बॅड. सर्रास दिसणारी नँड म्हणजे २०४८ बाईटचं पान, त्याला ६४ बाईटची जादा जागा, आणि ६४ पानांचा १२८ केबीचा ब्लॉक. बॅड ब्लॉकची यादी कागदावर लिहून स्कोपच्या आत चिकटवून ठेवा, खरंच सांगतोय.

कॉपी काढायचा सगळ्यात बरा रस्ता म्हणजे लिनक्स निदान अर्धवट तरी चालू करणं. बूटआर्ग्जच्या शेवटी इनिट म्हणून थेट शेल (कमांड टाईप करायचा प्रॉम्प्ट) द्यायचा, सेटएन्व्हने, पण सेव्हएन्व्ह न करता, म्हणजे पुढच्या वेळी सगळं मूळचंच राहील. मेन ॲप्लिकेशन चालूच होत नाही आणि शेल मिळतो. प्रॉक माउंट करून त्यातली एमटीडी फाईल कॅट करा, सगळे पार्टिशन दिसतील, मग पेन ड्राईव्ह माउंट करून नँडडंपने एक एक पार्टिशन वेगळ्या फाईलमधे. डीडी वापरू नका, त्याला बॅड ब्लॉकची समज नसते. प्रत्येक पार्टिशन दोनदा काढून दोन्ही फाईलींचा एमडी५ (तपासणीचा आकडा) जुळवा. जुळत नसेल तर त्या पार्टिशनची फ्लॅश डळमळीत आहे हे पण कळलं.

लिनक्स चालूच होत नसेल तर यू-बूटमधूनच, नँड रीडने रॅममधे आणून टीएफटीपी-पुटने (लॅनवरून फाईल पाठवायची कमांड) लॅपटॉपवर, जर ती कमांड त्या यू-बूटमधे असेल तर. नसेल तर सिरीयलवरून हेक्स डंप. ११५२०० वर सेकंदाला जेमतेम ११ केबी जातात, १२८ एमबी नुसता कच्चा डेटा म्हटला तरी तीन तासांच्या वर, आणि हेक्समधे लिहिल्यावर त्याच्या तिप्पट-चौपट. म्हणून सगळा नाही, कॅलिब्रेशन आणि सेटिंगचे छोटे पार्टिशन आधी, ते बहुधा काही एमबीचे असतात. काही स्कोपमधे कॅलिब्रेशन वेगळ्या छोट्या ईईप्रॉममधे असतं, मग नँडला धोका कमी.

लिहिणं

कंपनीच्या .जीईएल, .एडीएस फाईल म्हणजे बांधलेली, बऱ्याचदा एन्क्रिप्ट केलेली पुडकी आहेत, त्या यू-बूटमधून तशाच नँडवर लिहिल्या तर कचरा लिहिल्यासारखं होईल. इथे लागते त्या पार्टिशनची कच्ची इमेज, म्हणजे त्याच मॉडेलच्या, त्याच हार्डवेअर व्हर्जनच्या चालू स्कोपमधून नँडडंपने काढलेली. ओळखीच्या कोणाकडे तोच स्कोप असेल तर त्याच्याकडून फक्त कर्नल आणि रूट फाईलसिस्टीम घ्यायची, पूर्ण चिपचा डंप नाही, नाहीतर त्याचं कॅलिब्रेशन आणि सिरीयल नंबर तुमच्यात येईल.

फाईल रॅममधे आणायची, यूएसबी स्टार्ट मग फॅटलोड, किंवा लॅनवरून टीएफटीपी. रॅमचा पत्ता प्रिंटएन्व्हमधे लोडअ‍ॅड्रेस म्हणून दिलेला असतो तोच घ्या. आल्यावर सीआरसी३२ कमांड चालवून लॅपटॉपवरच्या फाईलशी जुळवा, जुळल्याशिवाय पुढे जायचं नाही. मग लॉगने जे पार्टिशन खराब म्हटलंय तेवढंच नँड इरेझने पुसायचं, नँड राईटने लिहायचं, परत नँड रीडने वाचून सीआरसी बघायचा. आकडा पानाच्या पटीत हवा, म्हणजे २०४८ने भाग गेला पाहिजे. रूट फाईलसिस्टीम यूबीआय (नँडसाठीची लिनक्सची मांडणी) वर असेल तर साधा नँड राईट नको, शेवटची सगळी एफएफ असलेली पानं पण तो लिहून टाकतो आणि यूबीआय नंतर भांडतो. राईट डॉट ट्रिमएफएफएस असेल तर ते, नाहीतर लिनक्समधून यूबीआयफॉरमॅट.

दोन कमांडना हात लावायचा नाही. इरेझ डॉट चिप, ती सगळंच पुसते. आणि नँड स्क्रब, ती कारखान्यात केलेल्या बॅड ब्लॉकच्या खुणा पण पुसते, मग कुठली जागा खराब होती हे कोणालाच कळत नाही. (ती यादी आत चिकटवायला सांगितली ती याचसाठी.) यू-बूटचं स्वतःचं पार्टिशन चालू असेल तर ते तसंच राहू दे, नवीन व्हर्जनचा मोह नको.

लोडरच मेला असेल तर बूटरॉम चिपमधे कोरलेला असल्यामुळे जेटॅगने (चिपच्या टेस्टिंगच्या पोर्टने) अजून आत शिरता येतं. किंवा चिप काढून प्रोग्रामरवर. टीएसओपी-४८ (४८ पायांची) नँड काढायला हॉट एअर आणि सराव लागतो, आणि प्रोग्रामरने ईसीसी त्या प्रोसेसरच्याच पद्धतीने लिहिला पाहिजे, म्हणून प्रोग्रामरसाठीचा कच्चा डंप नेहमी त्या ६४ जादा बाईटसकट. छोटी आठ पायांची एसपीआय फ्लॅश असेल तर क्लिप आणि सीएच३४१ए प्रोग्रामर चालतो, पण त्या काळ्या बोर्डच्या डेटा पिना बऱ्याचदा ५ व्होल्टच्या असतात, आधी मोजा.

किटवाला छोटा स्कोप डीएसओ१३८ असेल तर हे सगळं पुराण लागत नाही. त्यात एसटीएम३२एफ१०३ ही मायक्रोकंट्रोलर चिप आहे, बूट जंपर शॉर्ट करून रिसेट दिला की चिपचा स्वतःचा लोडर जागा होतो, ११५२०० वर पण इव्हन पॅरिटीने, आणि एसटी कंपनीच्या फ्लॅश लोडर प्रोग्रामने हेक्स फाईल टाकायची. रीड प्रोटेक्शन काढायला सांगेल, काढलं की जुनं सगळं पुसलं जातं, आणि जंपर परत उघडे करायला विसरलात तर तो परत काळाच राहील.

चालू झाल्यावर

अर्धा तास तापू द्या. सगळे प्रोब काढून सेल्फ कॅलिब्रेशन चालवा. हे ऑफसेट (शून्याची रेघ) सुधारतं, पण कारखान्याचं गेन (व्होल्टच्या मापाचं) कॅलिब्रेशन हरवलं असेल तर ते यातून परत येत नाही, त्यासाठी खात्रीचा सोर्स लागतो. म्हणून लगेच तपासा, ९ व्होल्टची बॅटरी आधी चांगल्या मीटरवर, मग प्रत्येक चॅनलवर वेगवेगळ्या व्होल्ट पर डिव्हिजनला. डीसीला दोन-तीन टक्क्यांच्या आत जुळलं की बरं, एकाच रेंजवर जास्त फरक येत असेल तर मघाच्या कॉपीतलं कॅलिब्रेशनचं पार्टिशन परत लिहा. प्रोब कॉम्पेन्सेशनचा १ किलोहर्ट्झचा चौकोनी वेव्ह लावून टाइमबेस बघा, एका मिलिसेकंदात एक सायकल. सिस्टीम इन्फोमधे सिरीयल नंबर आणि ऑप्शन जागेवर आहेत ना ते बघा.

मग शील्डचे स्क्रू सगळे बसवा, एक पण उरवू नका, आणि प्लग लावायच्या आधी अर्थच्या पिनेपासून बीएनसीच्या शेलपर्यंत मीटर लावा. एक ओमच्या आत यायला हवं.